‘माझंही तसंच गं’ म्हटल्यानंतर काय विचारावे?

खानापूर तालुक्यातील एका भगिनीने विचारले आहे, की त्यांच्या बचत गटाची बैठक दर आठवड्याला होते, हिशेबाचे काम अर्ध्या तासात आटोपते आणि पुढे तासभर बायका आपापली गाऱ्हाणी सांगत बसतात. कुणाची कंबर धरलेली असते, कुणाला झोप नसते, कुणाचे डोके उठलेले असते, आणि प्रत्येकीच्या सांगण्यावर बाकीच्या ‘माझंही तसंच गं’ म्हणतात. घरी परतताना मात्र या भगिनीला हलके वाटण्याऐवजी अधिकच गळून गेल्यासारखे होते. त्यातच गटातली एक जण, जी पूर्वी सर्वांत जास्त बोलत असे, ती गेले दोन-तीन महिने गप्प आहे. अशा बोलण्याचा काही उपयोग असतो का, की ते केवळ दुःख उगाळणे आहे, आणि त्या गप्प झालेल्या बाईशी काय बोलावे, असा त्यांचा प्रश्न आहे.

मी बेळगाव, खानापूर आणि निपाणी या भागांत स्त्रियांच्या समुपदेशनाचे काम बरीच वर्षे करीत आहे. तुमचे दोन्ही प्रश्न मला एकाच ठिकाणाहून निघालेले दिसतात. बायका मनातले बोलत नाहीत, असे सर्रास म्हटले जाते. मला मात्र बायका भरपूर बोलताना दिसतात. कमी पडते ते विचारणे. एकीने सांगितल्यावर दुसरी आपले सांगते, तिसरी आपले सांगते, पण पहिलीने जे सांगितले त्याच्या आत कुणी शिरत नाही. त्यामुळे तासाभराने सगळ्यांची ओझी सगळ्यांच्या डोक्यावर चढतात आणि एकीचेही उतरत नाही.

हे सांगतानाच एक गोष्ट मान्य करायला हवी, की पुढचे सगळे तुमच्या गटाच्या घडणीवर अवलंबून आहे. गटात सख्ख्या जावा-नणंदा असतील तर काही प्रश्न बैठकीत विचारायचेच नाहीत. गटाने कर्ज घेतले असेल तर बोलण्याची रीत वेगळी ठेवावी लागते. सगळ्या एकाच गल्लीतल्या असतील तर संध्याकाळपर्यंत काय कुणाच्या कानावर जाईल, हे तुम्हालाच जास्त ठाऊक असेल.

आधी बायका थकवा कसा सांगतात ते पाहू. आमच्याकडे येणारी बाई मला ताण आला आहे असे क्वचितच म्हणते. ‘अंगच उठंना झालंय’, ‘डोकं भणभणतंय’, ‘जीव घाबरा होतोय’, ‘हातापायातलं बळच गेलंय’ असे ती म्हणते. पित्त झाले म्हणून दुपारी घटकाभर पडले तर घरात कुणी काही बोलत नाही, मात्र मन लागत नाही म्हणून पडले तर चार माणसांत चर्चा होते, आणि माहेरच्यांपर्यंत निरोप जातो. शरीराची तक्रार घरात चालते, म्हणून मनाची तक्रारही शरीराच्या नावाने सांगितली जाते. ही लबाडी नव्हे. कंबर खरोखरच दुखत असते आणि झोपही खरोखरच उडालेली असते. आपल्या शेजारच्या गोव्यात 18 ते 50 वयाच्या स्त्रियांमध्ये झालेला दीर्घकाळच्या थकव्याचा एक मोठा अभ्यास 2005 मध्ये प्रसिद्ध झाला; त्यातही अशा थकव्याचा ठळक संबंध मनाच्या अस्वास्थ्याशी, गरिबीशी आणि घरातील जाचाशी आढळला होता.

म्हणून दोन्ही बाजू एकाच वेळी धराव्यात, असे मी आग्रहाने सांगते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019–21 च्या फेरीत कर्नाटकातील 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी 47.8 टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले, म्हणजे तुमच्या गटात जवळपास निम्म्या जणींना तो असू शकतो. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन 12 च्या खाली असले तर रक्तक्षय धरतात. महिनोन्‌महिने अंग उठत नाही असे सांगणारीचे हिमोग्लोबिन, थायरॉईड आणि साखर तपासून घ्यावी. पाळीत अंगावरून फार जात असेल किंवा चाळिशी उलटल्यावर पाळी मागेपुढे होऊ लागली असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घालावे. कारण शरीरात असताना आम्ही मनाचे समुपदेशन करीत बसलो तर तो त्या बाईवर अन्याय आहे. उलट रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे तिला काहीच झालेले नाही, असे मानणे हाही तितकाच अन्याय आहे, आणि तो आपल्याकडे अधिक होतो.

तपासणीचा विषय निघालाच आहे तर आपल्या सीमाभागातली एक अडचण सांगते. घरी मराठी बोलणारी बाई सरकारी दवाखान्यात गेली की समोरच्या डॉक्टरांशी कन्नडमधून बोलते, आणि बाजारापुरते कन्नड येत असल्याने तिची सगळी व्यथा ‘तलि नोव, कै-काल नोव, सुस्त’ एवढ्या तीन शब्दांत आटोपते. रात्री तीनला जाग येते, स्वयंपाक करताना रडू येते, हे सांगण्याइतके कन्नड तिच्यापाशी नसते, आणि रांग मोठी असल्याने डॉक्टरांनाही थांबायला सवड नसते. तिला वेदनाशामक गोळ्या आणि टॉनिक मिळते. गटात चांगले कन्नड येणारी एखादी असेल तर तिने सोबत जावे, जाण्याआधी सगळे नीट ऐकून घ्यावे आणि तेवढेच डॉक्टरांना सांगावे. जून 2023 पासून शक्ती योजनेमुळे सरकारी बसला बायकांना तिकीट पडत नाही, तेव्हा सोबत जाणारीच्या भाड्याचा प्रश्नही राहिलेला नाही.

आता तुमच्या बैठकीतल्या त्या ‘माझंही तसंच गं’ या वाक्याकडे वळते. हे वाक्य वाईट नाही. आपण एकट्या नाही, हा दिलासा त्यात आहे. पण पुढे संभाषण बहुधा असे जाते:

“काल रात्री पुन्हा झोप नाही बघ.”

“माझंही तसंच गं, दोन वाजेपर्यंत जागीच होते.”

“आम्हा बायकांचं नशीबच असलं.”

नशिबाचे नाव निघाले की विषय संपला, कारण नशिबावर कुणाचाच इलाज नसतो. त्याऐवजी दुसरीने ‘कितीला जाग आली? जाग आल्यावर काय आठवलं?’ एवढे विचारले असते, तर उत्तर कदाचित ‘तीनला. शनिवारचा हप्ता आठवतो’ असे आले असते. आणि दुसरीला कुणी विचारले असते, तर दोन वाजेपर्यंत ती सासूच्या खोकल्यामुळे जागी होती, असे कळले असते. म्हणजे दोघींनी शब्द एकच वापरला, पण एकीचे दुखणे कर्जाचे आहे आणि दुसरीचे रात्रभर चालणाऱ्या शुश्रूषेचे. एकीला हप्त्याची मुदत वाढवून घेण्यासाठी मदत हवी आहे, दुसरीला आठवड्यातून दोन रात्री तरी दुसऱ्या कुणी सासूपाशी झोपायला हवे. हा फरक कळेपर्यंत दोघींनाही सहानुभूतीपलीकडे काही देता येत नाही.

त्यामुळे माझा पहिला सल्ला असा, की कसे वाटते हे न विचारता दिवस कसा गेला हे विचारा. मन कसे आहे, या प्रश्नाला ‘बरं आहे’ हेच उत्तर ठरलेले असते. सकाळी कितीला उठलीस, काल दुपारी जेवायला कितीला बसलीस, पाठ टेकवायला वेळ कधी मिळाला, या प्रश्नांना खरे उत्तर द्यावे लागते, आणि ते देताना तिचे तिलाच ऐकू येते. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी 289 मिनिटे बिनपगारी घरकामात घालवतात आणि तेच काम करणारे पुरुष 88 मिनिटे, असे दिसले. तुमच्या खानापूर भागात ज्या घरातला कर्ता पुरुष गोव्यात कामाला असतो, तिथे ही 88 मिनिटेही सणासुदीपुरतीच उरतात. शिवाय मनात चाललेले काम या मिनिटांत मोजलेले नाही. सिलिंडर कधी संपेल, गृहलक्ष्मी योजनेचे दोन हजार जमा झाले का, मुलाच्या फीची तारीख कोणती, सासऱ्यांच्या गोळ्या किती उरल्या, हे सगळे हातांनी पोळी लाटत असताना डोक्यात चालूच असते. दिवस विचारला की हे आपोआप बाहेर येते.

बोलण्याला खीळ घालणारी आणखी एक सवय म्हणजे कष्टांची तुलना. ‘तुझा नवरा पीत तरी नाही, माझं बघ’ असे कुणी म्हटले की पहिली लाजून गप्प होते. वयस्कर बायकांचे ‘आम्ही बाळंतपणानंतर महिन्यात शेतात गेलो’ हेही तसेच. त्यांना गप्प करू नका. त्यांनाच मनापासून विचारा, की तेव्हा तुमच्या हाताशी कोण होते. मी विचारते तेव्हा बहुतेकींकडून तीन-चार जावा होत्या, धुणे एकीकडे, दळण एकीकडे, लेकरे आजीकडे, असे उत्तर येते. मग आजची सून हेच सगळे एकटी करते आहे, हे त्या आजींच्याच तोंडून सर्वांसमोर बोलले जाते, आणि सुनेला ते माझ्यासारखीच्या कोणत्याही व्याख्यानापेक्षा मोठे वाटते.

दुःख उगाळण्याची तुमची शंकाही रास्त आहे. अमांडा रोझ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्त्रीने 2002 मध्ये शाळकरी मुलामुलींवर केलेल्या अभ्यासात दाखवले, की मैत्रिणी एकच काळजी पुन्हा पुन्हा बोलत राहिल्या तर त्यांची जवळीक वाढते, पण त्याबरोबर उदासपणा आणि चिंताही जास्त दिसते. मोठ्या बायकांतही मला हेच जाणवते. उगाळणे आणि मन मोकळे करणे यांतला फरक ओळखायची माझी खूण साधी आहे. तीच गोष्ट त्याच शब्दांत तिसऱ्यांदा सांगितली जात असेल, त्यात नवा माणूस, नवी वेळ, नवा तपशील काहीच येत नसेल, आणि सांगणारी सांगून झाल्यावर आणखी तापत असेल, तर ते उगाळणे आहे. अशा वेळी सांत्वन पुरे करून ‘या आठवड्यात यातलं कोणतं एक काम कुणी उचलू शकेल का?’ असे विचारावे. काम छोटे असावे. दोन मुलांना शाळेतून आणणे, एका वेळची भाकरी, रेशनच्या रांगेत एकीने दोघींची पिशवी घेऊन उभे राहणे एवढे पुरते. प्रत्येक बैठकीत एकीचे एक काम उतरले, तरी तुमचा घरी परततानाचा थकवा बदलेल, कारण काहीच करता येत नसताना ऐकत राहणे हेच ऐकणारीला सर्वांत जास्त दमवते.

कर्जाबद्दल मात्र सावध राहायला हवे. सामूहिक कर्जात एकीचा हप्ता चुकला की भार बाकीच्यांवर येतो, त्यामुळे पैशांची ओढाताण ही गटात सर्वांत जास्त लपवली जाणारी गोष्ट असते. जिच्याकडून मदत मागावी, तिचेच नुकसान होणार असते. हप्ते फेडण्यासाठी दुसऱ्या ठिकाणाहून कर्ज घेतलेली बाई बैठकीला नटूनथटून येते, वेळेवर पैसे भरते आणि आतून कोसळत असते. वसुलीसाठी दारात येऊन धमकावणाऱ्यांना आळा घालणारा कायदा कर्नाटकाने 2025 मध्ये केला आहे, आणि अशा दमदाटीविरुद्ध पोलिसांकडे तक्रार करता येते, हे बैठकीत सर्वांसाठी म्हणून मोठ्याने सांगून ठेवा. कुणाचे नाव घेऊ नका. जिला ते ऐकायचे आहे ती बरोबर ऐकेल. हिशेब आणि सुखदुःख एकाच सतरंजीवर बसून बोलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वही मिटल्यावर निदान चहा होऊ द्या, जागा बदला, आणि मगच बोलायला बसा.

जागेचे महत्त्व मला निपाणीच्या विडी कामगार स्त्रियांमुळे नीट कळले. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, कात्रीने बेतलेले पान बोटांत गुंडाळायचे, दोरा बांधायचा, आणि नजर वर न उचलता हजाराचा आकडा गाठायचा. अशा चार-पाच जणी ओळीने बसलेल्या असताना जे बोलणे होते, ते समोरासमोर खुर्च्या मांडून बसलेल्या शिबिरात होत नाही, कारण कुणी कुणाकडे बघत नसते आणि हात कामात असल्याने गप्प राहायलाही निमित्त असते. एखादी अवघड गोष्ट अर्धी सांगून ती पान कापत राहते, आणि उरलेली अर्धी पाच मिनिटांनी सांगते. मधली ती पाच मिनिटे कुणीतरी शांतपणे जाऊ द्यावी लागतात. तुमच्याकडे विड्या नसतील, पण काजू सोलणे असेल, रोप लावणी असेल, खानापूरहून बेळगावला जाणाऱ्या बसमधले शेजारचे आसन असेल. नाजूक विषय तिथे काढावा.

त्या गप्प झालेल्या बाईशीही असेच बोला, बैठकीत मुळीच नको. ‘तू हल्ली बोलत का नाहीस?’ असे सर्वांसमोर विचारले तर ती पुढच्या वेळी येणारच नाही. पूर्वी बोलकी असलेली बाई गप्प होते तेव्हा तो नुसता थकवा नसण्याची शक्यता जास्त असते. कारण काय असेल ते मी इथून सांगू शकत नाही. कर्ज असेल, घरात मारहाण होत असेल, कुणी सांगितलेली गोष्ट फुटली म्हणून गटावरचा विश्वास उडाला असेल, किंवा खरोखरच उदासीनतेचा आजार असेल. एकटीला गाठा, काही निमित्त घेऊन जा, आणि जे पाहिले तेच सांगा: ‘दोन महिने झाले, तू हसताना दिसली नाहीस. मला काळजी वाटते. सांगावंसं वाटलं तर मी आहे, आणि ही गोष्ट माझ्या घरातसुद्धा जाणार नाही.’ मग थांबा. ती बोलली तर लगेच उपाय सुचवू नका आणि आपली कहाणी सांगू नका.

तिच्याकडून दोन गोष्टी मात्र जाणून घ्याच. गेले दोन आठवडे बहुतेक दिवस मन खिन्न असते का, आणि पूर्वी आवडणाऱ्या कामांत, लेकरांत, सणावारात मन लागेनासे झाले आहे का? दोन्हींपैकी एकाचेही उत्तर होय असेल तर डॉक्टरांना दाखवणे आवश्यक आहे. ‘यातून सुटावं वाटतं’, ‘माझं असून नसून सारखंच’ असे ती म्हणाली, तर विषय बदलू नका. ‘जीव द्यावा असं मनात येतं का?’ असे सरळ, शांतपणे विचारा. विचारल्याने तो विचार तिच्या डोक्यात शिरत नाही. उलट कुणीतरी ऐकायला तयार आहे, हे तिला कळते. उत्तर होय आले तर तिला एकटे सोडू नका, तिच्या विश्वासातल्या एका माणसाला बोलवा, शेतीची औषधे घरातून हलवा किंवा कुलपात ठेवा, आणि त्याच दिवशी दवाखान्यात घेऊन जा. टेली-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी फोन सेवा 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. 14416 या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते, मराठीतही आणि कन्नडमध्येही. मारहाण होत असेल तर महिलांसाठीचा क्रमांक 181 आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा पहिला प्रयोग आपल्याच राज्यात बळ्ळारी जिल्ह्यात झाला होता; आज त्या कार्यक्रमाखाली तालुक्याच्या रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ कोणत्या दिवशी येतात, ते आशाताईंकडून विचारून ठेवा.

हे सगळे डॉक्टर किंवा समुपदेशक नसलेल्या बाईला जमेल का, असा संकोच तुम्हाला वाटत असेल. गोव्यात बाळंतपणाच्या काळात खिन्न झालेल्या मातांसाठी गावातल्याच, स्वतः आई असलेल्या स्त्रियांना प्रशिक्षण देऊन ‘सखी’ म्हणून पाठवण्याचा एक मोठा प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष 2019 मध्ये प्रसिद्ध झाले. त्या सख्या डॉक्टर नव्हत्या, पण त्यांना पाठीमागून सांभाळणारी माणसे होती, आणि हाच भाग आपण विसरतो. तुम्हीही एकट्याने ऐकत राहू नका. तुमच्या मनावर काय साचले ते सांगायला गटाबाहेरची एक मैत्रीण, बहीण किंवा आशाताई ठरवून ठेवा, नावे न सांगता बोला, आणि ज्या आठवड्यात तुमच्याच घरात ओढाताण असेल त्या आठवड्यात ऐकण्याची पाळी दुसरीकडे द्या.

त्या बाईकडे जाल तेव्हा पहिल्यांदा ती ‘कुठं काय, काही नाही’ असेच म्हणेल. ते उत्तर स्वीकारा, चहा घ्या, परत या. आठवड्याने दुसऱ्या एखाद्या निमित्ताने पुन्हा जा, आणि या वेळी काल रात्री कितीला झोपलीस, एवढेच विचारा.